‘हार्डली’ची हकीकत

इंग्रजी भाषेतील एक साधे क्रियाविशेषण आमच्या घरात तेरा वर्षे कोणी उच्चारले नाही. शब्द तसा अगदी निरुपद्रवी, शाळकरी मुलालाही ठाऊक असणारा: ‘हार्डली’. ‘नो सूनर’च्या मागून ‘दॅन’ येते आणि ‘हार्डली’च्या मागून ‘व्हेन’ येते, हे आपणांपैकी पुष्कळांनी परीक्षेच्या आदल्या रात्री घोकले असेल. जेमतेम, क्वचित, जवळजवळ नाहीच, एवढाच त्याचा अर्थ. पण या नकारघंटा वाजविणाऱ्या शब्दाचे पूर्वायुष्य निराळे आहे. एके काळी तो अंगात बळ असलेला, छातीचा कोट करून लढणारा शब्द होता. त्याची ही हकीकत मला कशी कळली, आणि कळल्यावर काय झाले, ते सांगावे असे पुष्कळ दिवस मनात आहे.

शब्द माणसांच्या तोंडी वाढतात, म्हणून प्रारंभ माणसापासून करतो.

आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, १९४३ साली कोकणातून मुंबईस आले आणि एका कचेरीत कारकून म्हणून चिकटले. गिरगावातील चाळीत दोन खोल्यांचे बिऱ्हाड होते. इंग्रजी ते रात्रीच्या शाळेत शिकले आणि उरलेले तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून त्यांनी स्वतःच पुरे केले. त्या पुस्तकाची पुठ्ठ्याची बांधणी सुटून आली होती आणि आईने ती खळ लावून तीन वेळा चिकटविलेली होती. अण्णांचा नियमांवर फार विश्वास. नियम पाळला की माणूस चुकत नाही, हे त्यांच्या आयुष्याचेच सूत्र होते. इंग्रजी व्याकरणातील जो नियम त्यांना सर्वांत आवडे, तो असा की विशेषणाला ‘ली’ लावली म्हणजे क्रियाविशेषण तयार होते. ‘स्लो’चे ‘स्लोली’, ‘केअरफुल’चे ‘केअरफुली’, ‘ऑनेस्ट’चे ‘ऑनेस्टली’. किती सोपे, किती सरळ!

१९६१ साली कचेरीत वरच्या कारकुनाची जागा रिकामी झाली. अण्णांना नोकरीत अठरा वर्षे झाली होती. त्यांनी दोन रात्री जागून इंग्रजीत अर्ज लिहिला. त्यात त्यांना असे म्हणावयाचे होते की, गेली अठरा वर्षे मी प्रामाणिकपणे आणि मेहनतीने काम केले आहे. प्रामाणिकपणे म्हणजे ‘ऑनेस्टली’, हे ठरलेले. मेहनतीचे काम म्हणजे ‘हार्ड वर्क’, हेही ठरलेले. मग मेहनतीने म्हणजे काय? नियमाप्रमाणे ‘हार्डली’. अर्जात वाक्य उतरले: आय हॅव वर्क्ड ऑनेस्टली अँड हार्डली.

ज्यांना इंग्रजी चांगले येते त्यांना पुढचे सांगण्याची गरज नाही. या वाक्याचा सरळ अर्थ असा होतो की, मी प्रामाणिकपणे काम केले आणि जवळजवळ केलेच नाही. साहेब आपल्यातलेच होते. त्यांनी तो अर्ज सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा वाचला आणि म्हणाले, “अठरा वर्षं तुम्ही जेमतेम काम केलंत आणि ते इतक्या प्रामाणिकपणे कबूल करता, हे विशेष आहे!” खोलीत हशा पिकला. ती जागा दुसऱ्याला मिळाली. या एका वाक्यामुळे ती गेली असे मी म्हणणार नाही. जागा जाण्याला पुष्कळ कारणे असतात. परंतु त्या दिवसापासून कचेरीत अण्णांचे नाव ‘मिस्टर हार्डली’ पडले आणि ते निवृत्त होईपर्यंत सुटले नाही.

घरी येऊन त्यांनी ही गोष्ट स्वतःच हसत सांगितली. आई हसली नाही. मी अकरा वर्षांचा होतो. मला विनोद कळला आणि मी मात्र हसलो. त्यानंतर अण्णांनी इंग्रजीत एक ओळ लिहिली नाही. पोस्टाचा, बँकेचा, विम्याचा कोणताही कागद आला की तो माझ्यापुढे ठेवीत आणि म्हणत, “तू लिही. तुझं इंग्रजी बरोबर असतं.”

यथावकाश मी इंग्रजीचा शिक्षक झालो. १९७४ सालच्या सहामाही परीक्षेचे निबंध तपासत होतो. ‘माझे वडील’ असा विषय होता. एका मुलाने लिहिले होते की माझे वडील गोदीत ‘हार्डली’ काम करतात. मी ते वाक्य वर्गात वाचून दाखविले आणि वर, “मग घर कोण चालवतं रे?” असेही विचारले. वर्ग खदखदून हसला. तो मुलगा उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाजही नव्हती. आपण नियम पाळूनही काय चुकले हे न कळल्याचा एक गोंधळ होता. तो चेहरा मी पूर्वी पाहिला होता, आमच्याच घरी, तेरा वर्षांपूर्वी.

त्या संध्याकाळी मी घरी न जाता एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेलो आणि मोठा ऑक्सफर्ड कोश काढून बसलो.

या कोशाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. शब्दाचा आजचा अर्थ देऊन तो थांबत नाही. शब्द प्रथम कोठे भेटतो, पुढे कोणत्या शतकात कोणत्या अर्थाने वावरतो, हे जुन्या ग्रंथांतील वाक्ये तारीखवार मांडून दाखवितो. त्याचा मुख्य संपादक जेम्स मरे हा चौदाव्या वर्षी शाळा सुटलेला स्कॉटिश शिंप्याचा मुलगा. ऑक्सफर्डला आपल्या घराच्या बागेत त्याने लोखंडी पत्र्याची एक खोली उभारली आणि देशोदेशींच्या वाचकांनी पाठविलेल्या चिठ्ठ्या तेथे खणाखणांतून लावल्या. पहिला भाग १८८४ साली निघाला, शेवटचा १९२८ साली. मरे १९१५ सालीच वारला. त्याला पुरा कोश पाहावयास मिळाला नाही. पण ‘एच’ हे अक्षर ज्या खंडात आहे, तो १९०१ साली त्याच्या हयातीत पुरा झाला होता. एकंदर ४,१४,८२५ शब्द आणि १८,२७,३०६ अवतरणे अशी या कोशाची मोजदाद आहे. म्हणजे शब्दांच्या कुळकायद्याचे हे सर्वांत मोठे दफ्तर. त्यात मी ‘हार्डली’चा सातबारा शोधला, आणि पहिल्याच अर्थावर माझे बोट थांबले. तेथे म्हटले होते ते असे: जोराने, बळाने, नेटाने.

अर्थ जुना म्हणून नोंदला होता, कालबाह्य म्हणून नोंदला होता. पण होता.

मग मात्र मला चैन पडेना. पुढची दोनतीन वर्षे सवड सापडेल तेव्हा मी या एका शब्दाचा माग काढीत राहिलो. जे हाती लागले ते थोडक्यात असे.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, जी आजच्या इंग्रजाला शिकल्यावाचून वाचता येत नाही, त्या भाषेत कठीण याला ‘हेआर्द’ म्हणत. कठीण वस्तू घाव सोसते. म्हणून जो घाव सोसतो तो शूर माणूसही ‘हेआर्द’. ही कल्पना त्या जर्मानिक लोकांना इतकी प्रिय होती की त्यांनी ती मुलांच्या नावांत गुंफली. रिचर्ड हे नाव राज्य आणि काठिण्य यांचे मिळून झाले आहे. लेनर्ड म्हणजे सिंहासारखा कणखर, बर्नर्ड म्हणजे अस्वलासारखा, आणि जेरर्ड या नावात भाला आहे. ग्रीकांचा ‘क्रातोस’, म्हणजे सत्ता, बळ, हा त्याच कुळातला. ‘डेमॉक्रसी’च्या शेपटीला जो ‘क्रसी’ आहे तो त्याचाच. तेव्हा ज्या धातूतून मतपेटीचे राज्य निघाले, त्याच धातूतून अण्णांचा ‘हार्डली’ही निघाला.

त्या जुन्या भाषेत विशेषणाचे क्रियाविशेषण करावयाच्या दोन रीती होत्या. एक म्हणजे शेवटी नुसता ‘ए’ लावणे: ‘हेआर्द’चे ‘हेआर्दे’. दुसरी म्हणजे ‘लीचे’ हा प्रत्यय लावणे: ‘हेआर्दलीचे’. हा ‘लीच’ शब्द मुळात देहाचा वाचक. इंग्लंडमधील जुन्या चर्चच्या आवाराला छपराचे जे दार असते आणि जेथे अंत्यविधीपूर्वी प्रेत थोडा वेळ टेकवीत, त्याला आजही ‘लिचगेट’ म्हणतात. तेथे तो देह जसाच्या तसा टिकून आहे. आपण जसे ‘मित्ररूपाने’, ‘साररूपाने’ म्हणतो, तसे ते ‘कठीणदेहाने’ म्हणत. तोच ‘लीचे’ झिजत झिजत ‘ली’ झाला. आपल्याकडील शाळांत जी ‘ली’ प्रत्यय म्हणून घोकली जाते, तिच्या पोटात असा एक देह निजलेला आहे.

आता ‘हेआर्दलीचे’ हा शब्द त्या काळी कसा वापरला जाई याचे एक उदाहरण सांगतो. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर एसेक्स परगण्यात मॉल्डन नावाचे गाव आहे. ९९१ साली ऑगस्ट महिन्यात तेथील खाडीतल्या एका बेटावर समुद्रापलीकडून आलेले व्हायकिंग लुटारू उतरले आणि त्यांनी खंडणी मागितली. परगण्याचा अधिकारी बर्टनॉथ याने ती नाकारली. बेटाला किनाऱ्याशी जोडणारी वाट अरुंद होती आणि भरतीला पाण्याखाली जाई. थोड्या माणसांना ती सहज रोखता येई. परंतु लुटारूंनी, आम्हांला पलीकडे येऊ द्या म्हणजे बरोबरीने लढू, असे म्हटले आणि बर्टनॉथाने अभिमानाच्या भरात ते मान्य केले. लढाईत तो पडला. त्याच्याच घोड्यावर बसून एक जण पळाला. दुरून पाहणाऱ्यांना धनीच पळाला असे वाटले आणि सैन्य फुटले. राहिले ते त्याच्या घरचे इमानी शिपाई. धनी मेलेला, हार ठरलेली, आणि तरी ते लढले.

या प्रसंगावर त्या काळचे एक काव्य आहे. त्याची जुनी पोथी १७३१ साली लंडनमध्ये कॉटन ग्रंथसंग्रहाला लागलेल्या आगीत जळाली; सुदैवाने आधी नक्कल करून ठेवलेली असल्याने आणि १७२६ साली ती छापलीही गेल्याने काव्य वाचले. आरंभ आणि शेवट दोन्ही पूर्वीच हरवले होते. या काव्यात, ते उरलेले शिपाई कसे लढले हे सांगताना कवीने जे क्रियाविशेषण वापरले आहे ते ‘हेआर्दलीचे’. म्हणजे अक्षरशः सांगावयाचे तर ते ‘हार्डली’ लढले!

आजच्या इंग्रजीत हे वाक्य लिहिले तर त्याचा अर्थ होईल की ते लढलेच नाहीत. हजार वर्षांत एक शब्द एवढा फिरला.

तो फिरला कसा? एका रात्रीत नव्हे, आणि कोणी लबाडीने फिरविला असेही नव्हे. याचा उलगडा मला इंग्रजीपेक्षा आपल्या मराठीनेच चांगला करून दिला. आपला ‘कष्टाने’ हा शब्द घ्या. ‘त्याने कष्टाने घर उभारले’ म्हटले की डोळ्यांपुढे राबणारा माणूस येतो. ‘म्हातारा कष्टाने चार पावले चालला’ म्हटले की डोळ्यांपुढे दमलेला माणूस येतो. शब्द एकच, पण पहिल्या वाक्यात त्यात बळ आहे, दुसऱ्यात बळ सरले आहे. आता कल्पना करा की आपण पहिल्या वाक्यात नेहमी ‘मेहनतीने’ म्हणू लागलो आणि ‘कष्टाने’ हा शब्द दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांपुरताच उरला. चारपाच पिढ्यांनी ‘कष्टाने’ म्हणजे ‘कसाबसा’ असेच मुले समजू लागतील. आणखी काही पिढ्यांनी ‘जेमतेम’. आणि मग एखादा जुन्या वळणाचा माणूस ‘मी कष्टाने नोकरी केली’ असे लिहील तेव्हा त्याचा साहेब हसेल.

‘हार्डली’चे हुबेहूब असेच झाले. तेराव्या शतकाच्या सुमारास तो जोराने, प्रयासाने अशा अर्थी चालत होता. पंधराव्या शतकाच्या प्रारंभी ‘मुश्किलीने, सहजी नव्हे’ हा अर्थ दिसू लागतो. सोळाव्या शतकाच्या मध्याला ‘जेमतेम’ हा अर्थ आला. जे फार जोर लावल्यावर होते ते मुश्किलीने होते. जे मुश्किलीने होते ते जेमतेम होते. आणि जेमतेम म्हणजे जवळजवळ नाहीच. प्रत्येक पायरी इतकी लहान आहे की उतरणाऱ्याला आपण जिना उतरतो आहोत हे जाणवू नये.

जिन्याच्या मधल्या पायऱ्या पाहावयाच्या असतील तर १६११ साली निघालेले इंग्रजी बायबल उघडावे. उत्पत्तीच्या पुस्तकात साराय आपली दासी हागार हिच्याशी ज्या रीतीने वागली, तिला तेथे ‘हार्डली’ म्हटले आहे, म्हणजे कठोरपणे. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात, श्रीमंत मनुष्याचा स्वर्गाच्या राज्यात प्रवेश कसा होईल ते सांगताना पुन्हा हाच शब्द आहे. मूळ ग्रीकमधील तेथला शब्द ‘दुस्कोलोस’ असा आहे. त्यातला ‘दुस्’ आणि आपल्या ‘दुष्कर’, ‘दुर्गम’मधला उपसर्ग हे सख्खे भाऊ. अर्थ असा की श्रीमंताला प्रवेश दुष्कर आहे. आजचा वाचक मात्र तो शब्द आजच्या अर्थाने वाचतो आणि त्याला वाटते की श्रीमंताला प्रवेश जवळजवळ नाहीच. दार अरुंद असणे आणि दार बहुतेक लावलेले असणे यांत श्रीमंतांच्या दृष्टीने बराच फरक आहे. अर्थात पुढच्याच वाक्यात सुईच्या नेढ्यातून जाणारा उंट येत असल्यामुळे त्यांनी फार आशा धरू नये.

दरम्यान त्याचा जुळा भाऊ, नुसता ‘ए’ लावून झालेला ‘हेआर्दे’, याचे काय झाले? चौदाव्या-पंधराव्या शतकांत इंग्रजी शब्दांच्या शेवटचे हे ‘ए’ उच्चारातून गळून पडले. ‘हेआर्दे’ आता विशेषणासारखाच दिसू लागला: ‘हार्ड’. एका कामाला दोन चाकर झाले. भाषा हे फार दिवस चालू देत नाही. ती कामे वाटून देते. ‘हार्ड’कडे जोराचे काम आले आणि ‘हार्डली’कडे मुश्किलीचे. याच वाटपाने ‘लेट’ म्हणजे उशिरा आणि ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. ‘निअर’ म्हणजे जवळ आणि ‘निअरली’ म्हणजे जवळजवळ. शिवाय १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांची मोठी पलटण आत शिरली होती. जोर दाखवावयाला ‘व्हिगरसली’, ‘फोर्सिब्ली’ असे दरबारी पोषाखातले शब्द मिळाले. पुढे ग्रीक वंशाचा ‘एनर्जी’ आणि त्याची ‘एनर्जेटिकली’ही आली. आपल्याकडे ‘बळाने’ असताना फारसीतून ‘जोराने’ आला आणि घरचाच होऊन बसला, तसेच हे. जुन्या शिपायाचे काम नव्या भरतीने घेतले आणि तो देवडीवर बसून राहिला.

येथपर्यंत जे झाले ते आपसुक झाले. यानंतर पंतोजी आले. १७६२ साली रॉबर्ट लौथ या पाद्र्याने इंग्रजीचे एक लहानसे व्याकरण छापले. पुढे तो लंडनचा बिशप झाला. विशेषणाचेच रूप क्रियाविशेषण म्हणून वापरणे हे इंग्रजीच्या प्रकृतीला सोडून आहे, असा त्याने निर्वाळा दिला. १७९५ साली लिंडली मरे या यॉर्कमध्ये राहणाऱ्या अमेरिकन गृहस्थाने मुलींच्या एका शाळेसाठी व्याकरण लिहिले. त्यातही तीच शिकवण होती, आणि ते पुस्तक अमाप खपले. ‘ली’ लावा म्हणजे बरोबर, ही शिस्त तेथून शाळाशाळांत गेली आणि फिरत फिरत साता समुद्रांपलीकडे रात्रीच्या शाळांतही पोहोचली. ‘हार्ड’ मात्र या शिस्तीला बधला नाही. त्याच्या अंगावर ‘ली’ची टोपी घालावी तर ती टोपी भलत्याच्याच डोक्यावर गेलेली! म्हणून असे होते की ज्याने नियम पाठ केलेला नाही तो इंग्रज गाडीवान बरोबर बोलतो, आणि ज्याने पाठ केला तो आमच्या चाळीतला कारकून चुकतो.

तरीही जुना अर्थ एकदम मेला नाही. ‘हार्डली अर्न्ड’, म्हणजे घाम गाळून मिळविलेला पैसा, असे एकोणिसाव्या शतकातील इंग्रज लेखक खुशाल लिहीत. १९२६ साली फाउलरने आपला प्रसिद्ध वापरकोश काढला, त्यात या जोडीवर स्वतंत्र टीप लिहिली आणि बजावले की, ‘जेमतेम’ हा एक अर्थ सोडला तर रूढ क्रियाविशेषण ‘हार्ड’ हेच आहे. खुद्द इंग्लंडात बजावण्याची वेळ १९२६ पर्यंत येत होती. अण्णांनी अर्ज लिहिला त्याच्या आधी पुरती पस्तीस वर्षे.

मी येथे अण्णांची वकिली करीत नाही. १९६१ सालच्या इंग्रजीत त्यांचे वाक्य चूकच होते. मुलाचे १९७४ सालचेही चूक होते. शिक्षक म्हणून मी आजही त्याखाली तांबडी रेघ ओढीन. भाषा ही वहिवाट आहे, आणि वहिवाट मोडलेल्या पायवाटेने आजोबा जात असत म्हणून आपल्याला तेथून जाता येत नाही. माझे म्हणणे निराळे आहे. रेघ ओढणे वेगळे आणि हसणे वेगळे. हसणाऱ्याची समजूत अशी असते की चुकणाऱ्याने काहीतरी बुद्धिहीन केले. पण पुष्कळ चुका बुद्धीच्याच असतात. भाषेने जी वाट स्वतः एकदा तुडविलेली असते, तीवर सरळ तर्काने चालणाऱ्या माणसाचे पाऊल पडते, एवढेच. हजार वर्षांपूर्वी ज्या विचाराने कोणा अनामिक माणसाने ‘हेआर्द’ला ‘लीचे’ जोडले, नेमक्या त्याच विचाराने अण्णांनी ‘हार्ड’ला ‘ली’ जोडली. कचेरीत हशा पिकला तो त्या विचाराला.

आणि हसणाऱ्या मराठी माणसाने आपले घरही पाहावे. जुन्या मराठीत ‘बळें’ म्हणजे बळाने. आज ‘तो बळेच हसला’ म्हटले तर त्या हसण्यात कवडीचे बळ नसते. स्मृतिग्रंथांत ‘साहस’ हा दंडनीय अपराधांचा एक वर्ग आहे, बळजबरीने केलेल्या कृत्यांचा; आज आपण साहसाबद्दल मुलांना बक्षिसे देतो. उद्या मनूच्या काळातील एखादा न्यायाधीश अवतरला आणि त्याने प्रशस्तिपत्रक वाचले, तर तो त्या मुलाला दंड ठोठावील आणि आपण त्याला हसू.

सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा मी त्या गोदीकामगाराच्या मुलाला वर्गासमोर बोलावले आणि, तुझा शब्द इंग्लंडात एके काळी चालत होता, माझे हसणे चुकले, असे सांगितले. मुलांना ते कितपत कळले कोण जाणे. त्याने मान हलविली आणि जागेवर जाऊन बसला.

पण त्याआधी मधली दिवाळी होती. तोवर माझ्यापाशी ऑक्सफर्ड कोशातली नोंद आणि मॉल्डनची लढाई एवढेच होते; बाकीचे पुढे जमले. वसुबारसेच्या संध्याकाळी अण्णा गॅलरीत आकाशकंदिलाच्या काड्या बांधीत बसले होते. मी शेजारी बसून दोरा धरला आणि तेरा वर्षांत प्रथमच तो शब्द घरात उच्चारला. त्यांचे हात क्षणभर थांबले, मग पुन्हा चालू लागले. मी त्यांना कोशाची गोष्ट सांगितली. तुमच्या वाक्यातला अर्थ तिथं पहिल्या क्रमांकावर छापलेला आहे, असे सांगितले. त्यांनी गाठ मारली, दोरा तोडला आणि विचारले, “केव्हाचा म्हणालास हा अर्थ?”

“सात-आठशे वर्षांपूर्वीचा. पुढं हळूहळू बदलला.”

“म्हणजे माझा अर्ज जरा उशिरा गेला म्हणायचा,” अण्णा म्हणाले.

आम्ही दोघेही हसलो. आत आई करंज्या तळत होती. तिने, काय झालं म्हणून विचारले, तेव्हा अण्णांनीच तिला, “अगं, हार्डलीची गोष्ट सांगतोय तो,” असे मोठ्याने सांगितले. थोड्या वेळाने कागद चिकटविता चिकटविता ते म्हणाले, “त्या लढाईत शेवटी काय झालं?”

“हरले ते. कवितेचा शेवट हरवलाय, पण हरले हे ठाऊक आहे. त्याच वर्षी लुटारूंना दहा हजार पौंड खंडणी द्यावी लागली.”

“आणि ते मागं राहिलेले शिपाई?”

“ते मेले बहुतेक. पण कवीनं लिहून ठेवलंय की ते...” मी अडखळलो.

“हार्डली लढले,” अण्णांनी वाक्य पुरे केले आणि कंदील दिव्यासमोर धरून चारी बाजूंनी कागद नीट बसला आहे का ते पाहू लागले.

त्यानंतर चारपाच दिवसांनी बँकेचा एक कागद आला. नेहमीप्रमाणे तो माझ्या टेबलावर असेल असे मला वाटले होते. तो तेथे नव्हता. अण्णा खिडकीपाशी बसून स्वतःच लिहीत होते, आणि तर्खडकरांची पाठमाला त्यांच्या मांडीवर उघडी होती.